नऊ वर्षांची वाचक आणि मोठ्यांची पुस्तके

जे वाचता येते ते सर्व वाचावयास द्यावे काय, असा प्रश्न आमच्या वाचनालयातील एका मुलीने आमच्यापुढे उभा केला आहे. मुलगी नऊ वर्षांची, बेळगाव तालुक्यातील मराठी शाळेत चौथीत शिकणारी. शाळेच्या कपाटातील पुस्तके तिने दिवाळीपूर्वीच संपविली. 'गोट्या' झाला, 'फास्टर फेणे' झाला, 'किशोर'चे जुने अंक झाले. (कर्नाटकातील मराठी शाळांची पाठ्यपुस्तके वेगळी असल्याने बालभारतीचे हे मासिक आमच्या मुलांपर्यंत आपोआप येत नाही, जुने अंक मात्र संगणकावर विनामूल्य वाचता येतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.) आता पुढे काय द्यावे, असे तिच्या वडिलांनी विचारताच सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी 'मृत्युंजय' म्हणाले, कोणी 'ययाति'. कारण सर्वांचे एकच : तिला वाचता येते ना!

येते, यात शंका नाही. संस्कृतप्रचुर शब्द आणि लांबलचक वाक्ये यांना असे मूल घाबरत नाही. मागच्यापुढच्या वाक्यांवरून ते अर्थ काढते, आणि पुष्कळदा बरोबर काढते. परंतु कठीणपणा केवळ शब्दांत नसतो. 'ययाति'तील वासना आणि तिची अतृप्ती समजण्यास कोशाचा उपयोग नाही; त्यास वयच लागते. ती कादंबरी नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती पडल्याने काही अनर्थ होईल असे नव्हे. ती एक राजाची गोष्ट म्हणून वाचील, 'वाचून झाली' म्हणून बाजूस ठेवील आणि विसाव्या वर्षी ती पुन्हा उघडणार नाही. आमची भीती एवढीच आहे.

याउलट 'बनगरवाडी' पाहा. 1955 सालची ही कादंबरी मोठ्यांसाठी लिहिलेली. पण वाक्ये आखूड, शब्द मातीतले आणि सांगणारा एक कोवळा मास्तर. ती आम्ही तिला दिली. चौथ्या दिवशी पुस्तक परत करताना तिने विचारले, "दुष्काळ सरल्यावर ती माणसं परत आली काय?" पुस्तक योग्य होते की नाही, याची याहून निराळी परीक्षा आम्हांस ठाऊक नाही. 'स्मृतिचित्रे'ही आम्ही अशीच देणार आहोत, मात्र तुकड्यातुकड्यांनी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग कोणत्याही वयाच्या मुलास हसवतील; टिळकांच्या धर्मांतरानंतरची ताटातूट पुढे केव्हातरी.

परंतु आमच्या भागापुरता सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' होय. आईवडिलांपासून दूर, सीमेवरच्या गावी आजीआजोबांकडे वाढणारा लंपन आणि त्याच्या सभोवार कानडीत मिसळलेले मराठी. पुण्याच्या मुलास जेथे अडखळावे लागेल, तेथे आमची मुलगी सरळ पुढे जाते. या पुस्तकापुरती तरी ती वयाने नव्हे, भाषेने पुढे आहे.

हे आम्ही उगाच म्हणत नाही. आमच्याकडे मुलीही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील ही जुनी लकब आहे. पण शाळेत आणि पाहुण्यांत तिला 'अशुद्ध' ठरविले जाते. छापील मराठी वेगळे आणि आपले वेगळे, हा निष्कर्ष मूल त्यातून काढते, आणि जास्त वाचणारे मूल तो सर्वांआधी काढते. आपल्या अंगणासारखी बोली पुस्तकात भेटली की तो निष्कर्ष डळमळतो. 'वनवास' वाचून ती म्हणाली, "असं लिहिलेलं चालतंय?" चालते, असे आम्ही सांगितले, आणि छापणारा प्रकाशक मराठीतला मातब्बर आहे, हेही सांगितले.

या साऱ्यास आणखी एक बाजू आहे. मूल हुशार निघाले की पाचवीपासून त्याला इंग्रजी शाळेत घालावयाचे, असा आता गावोगाव रिवाज झाला आहे. म्हणजे मराठीची सर्वांत चांगली वाचकच सर्वांत आधी मराठी शाळेबाहेर पडते. तिच्या घरीही हीच चर्चा चालू आहे. त्या निर्णयात आम्हांस मत नाही. मात्र त्या वयात इंग्रजीत जाड, थरारक ग्रंथ आणि मराठीत ससा-कासव, अशी वाटणी झाली, तर मराठी ही लहानपणी बोलावयाची भाषा आहे असेच तिला वाटेल. म्हणून जून महिन्यापूर्वी तिच्या हाती मोठ्यांची दहा-बारा मराठी पुस्तके जावीत, अशी आमची घाई आहे.

यादीवर आमच्यात एकमत नाही. पु. लं.चे 'रावसाहेब' द्यावे, तो तर आमच्याच बेळगावचा माणूस, असे एकाचे म्हणणे. त्यातील शिव्यांचे काय, असे दुसऱ्याचे. त्या शिव्या ती बसथांब्यावर रोज ऐकते, हे तिसऱ्याने निदर्शनास आणले. 'पाडस' मात्र एक वर्ष थांबवावे, असे ठरले. जिवापाड वाढविलेले हरिण त्या मुलालाच मारावे लागते, आणि तिच्या घरी नुकतेच एक करडू आले आहे. पुस्तक आम्ही वरच्या फळीवर ठेवले. परवा ती स्टुलावर चढून त्या फळीवरची नावे वाचीत होती.