अंबर या नावाविषयी

प्रिय मित्रवर्य,



नातवाचे नाव अंबर ठेवण्याचा आपला मनोदय, आणि ‘हे तर गुलामाचे नाव’ म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी घेतलेली हरकत, दोन्ही आपल्या पत्रातून कळले. हरकत निराधार नाही. ती निराधार आहे असे सांगून आपले समाधान करणे मला प्रशस्त वाटत नाही.

आमच्याकडे अंबर म्हटले की आकाश आठवते. अरबांचा अंबर निराळा. देवमाशाच्या आतड्यात साकळणारे, ताजेपणी काळे व उग्र दर्पाचे, पण खाऱ्या पाण्यात आणि उन्हात वर्षानुवर्षे तरंगून राखी व सुगंधी झालेले ते मेणचट ढेकूळ सोमाली व ओमानच्या किनाऱ्यांस लागे आणि अत्तारांच्या तागडीत मोठ्या मोलाने तोलले जाई. आणि ज्या धन्यांनी माणसे विकत घेतली त्यांनीच त्यांना अंबर, तसेच काफूर, याकूत, लूलू, म्हणजे अनुक्रमे कापूर, माणिक, मोती, अशी आपल्या कोठारातील जिनसांची नावे दिली. स्वतंत्र अरबाच्या नावामागे बापआजांची मालिका उभी असे; या अभाग्यांना पित्याच्या जागी पुष्कळदा सरसकट ‘अब्दुल्ला’, ईश्वराचा दास, एवढेच लावीत.

तथापि अशाच नावाचा एक काफूर इजिप्तचा सत्ताधीश झाला, एक लूलू मोसुलचा. एका याकूताने प्रचंड भूगोलकोश रचला, तर 1298 साली निवर्तलेल्या दुसऱ्याच्या सुलेखनाचे वळण बगदादबाहेरही पिढ्यान्‌पिढ्या गिरवले गेले.

आणि आपला मलिक अंबर! हबशी मुलखातला चापू नावाचा मुलगा मोखा व बगदादच्या बाजारांतून हातोहात विकला गेला, बगदादेत मीर कासिम नावाच्या धन्याने त्याला अंबर हे नाव दिले, आणि अहमदनगरच्या दरबारातील चंगीजखानाने, जो स्वतः हबशी होता, त्याला खरीदले. त्याच अंबराने पुढे निजामशाहीची वजिरी हाती घेऊन मोगलांना वर्षानुवर्षे थोपवले, शहाजीराजांसह 1624 मध्ये भातवडीचे रण मारले, आणि जमिनीच्या प्रतवारीवर अशी जमाबंदी बसवली की रयत तिला ‘मलिकंबरी’ म्हणून ओळखू लागली. खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, त्याने आणलेली नहर आपण मजहून अधिक जाणता: डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालील खापरी नळांतून, वाटेतील उच्छ्वासांनी हवा घेत, शहरातील हौदांपर्यंत पोचे. ज्या नावाने त्याला विकले त्याच नावाने खेडूत आपला सारा भरू लागला, याहून मोठा सन्मान मला ठाऊक नाही.

म्हणून नाव अवश्य ठेवावे. एक विनंती मात्र आहे. मुलगा कळता झाल्यावर त्याला खुलदाबादेस मलिक अंबराच्या कबरीच्या घुमटाकडे न्याल, तेव्हा चापू हे नावही सांगावे. बाजारात उभे करण्यापूर्वी मलिक अंबराला याच नावाने हाक मारीत होते, आणि वडीलधाऱ्यांचा आक्षेपही, माझ्या मते, अखेर ते नाव हिरावून घेण्याच्या अन्यायाविरुद्धच आहे. त्यांना माझा आदरपूर्वक सलाम सांगावा.



आपला स्नेहांकित