आमचा जुना संगणक

आमचा संगणक जुना आहे. त्यात विंडोज १० होते. त्याच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. तो आमच्यात नाही. दादा म्हणाला, "तपासणी टाळून बसवता येतं, पण कंपनी हमी घेत नाही."

उजनी धरणात बुडालेल्या आजीच्या घराचा एकच फोटो संगणकात होता. आजी म्हणाली, "बाळा, आधी त्यो काढून ठेव." दादाने तो पेनड्राइव्हवर घेतला.

मधेच पडदा काळा झाला. मला लई भ्या वाटले. शेवटी विंडोज ११ चालू झाले. फोटो पाहून आजी म्हणाली, "पाणी आलं तवा आम्ही बी आधी देव उचलले, मग घर सोडलं."

बालमित्रांनो, आधी प्रत काढा, मगच बदल करा.