बर्लिनचा सूर्यास्त



आमची नात सहा महिन्यांसाठी एक्सचेंज स्टुडंट म्हणून बर्लिनला गेली आहे. तिथे डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि हिचे तास सुटतात पाचला! परवा फोनवर रडवेली झाली. "आज्जी, रात्री न जेवण्याचा नियम सोडू का गं?"

माझ्या तोंडून 'हो'ही निघेना, 'नाही'ही. शेवटी म्हटलं, "बाळा, उपाशी राहू नकोस. नियम घेतलास तू, ठरवायचंही तूच."

काल तिचा मेसेज आला. आता ती दोन डबे नेते. दुसरा तीनच्या सुट्टीत, उजेडात संपवते.

इथे सहापर्यंत उजेड, तरी मालिकेपायी माझं जेवण कितीदा लांबलंय. खरं सांगते, लाजले मी.