सिरोंच्याच्या सफरीचे सामान

शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे कुठला शब्द कुठून आला हे बघण्याची खोडच लागली आहे. इंग्रजीतला ‘कॅरॅव्हॅन’ मूळचा फारसी ‘कारवाँ’. इंग्रजांनी तो नेला आणि डोके कापून त्याची ‘व्हॅन’ केली. मराठीनेही प्रवासाचे कितीतरी शब्द अरबी-फारसीकडून घेतले आहेत: मुक्काम, मजल, सामान, रवाना. ‘मजल दरमजल’ तर अख्खाच्या अख्खा तिकडून आला आहे.

२०२१ मध्ये आपल्या राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा वर्तमानपत्रात चित्रे आली होती. मोटारीमागे जोडलेले चाकांवरचे घर, आत बिछाना, चूल, सगळे काही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे असे घर ओढणारा मला अजून कोणी दिसलेला नाही. पण मागे काहीतरी जोडून लांब जाणे इकडे नवे नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला पूर्वी बैलगाड्यांच्या रांगा लागत, आता ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात. (ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्यातही बसत नाही आणि जिवावरही बेतते. तरी लोक बसतात.) आम्ही जे नेले तेही ट्रॉलीच, दोन चाकांची. माझ्या चुलत भावाचे, भाईजानचे, बिछायतीचे दुकान आहे. लग्नघरी देगी, सतरंज्या, पंखे पोचवायला त्याने ती बनवून घेतली होती. ती बोलेरोमागे जोडून आम्ही जानेवारीत सिरोंच्याला गेलो.

कारण होते एक संदूक. माझ्या नानीची, सागवानी, पितळी पट्ट्यांची. नानीने जाताना सांगितले होते की संदूक धाकटीला द्या. धाकटी म्हणजे माझी खाला, सिरोंच्याला असते. पण एसटीच्या टपावर ती कोण चढवणार, या विचारात संदूक चाळीस वर्षे आमच्याच घरात राहिली. अम्मी दर ईदला ती पुसायची आणि म्हणायची, “ही अमानत आहे, आपली नाही.” आता अम्मीचे वय अठ्ठ्याहत्तर. साखरेचा आजार, गुडघे गेलेले. खाला तर अंथरुणालाच खिळलेली. दोघी बहिणींची भेट होऊन दहा वर्षे झाली होती. माझा मुलगा म्हणाला, नानीला कशाला एवढी दगदग, संदूक आपण पोचवू आणि व्हिडिओ कॉल लावू. अम्मी म्हणाली, “मला गाडीत बसवा, नाहीतर मागे ट्रॉलीत घाला. पण संदूक मी माझ्या हाताने देणार.”

डॉक्टरांनी होकार दिला, पण अटी घालून. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करायचे, जेवण वेळेवर, आणि इन्सुलिन सांभाळून न्यायचे. त्यामुळे ट्रॉली केवळ संदुकीसाठी उरली नाही. अम्मीचा नवारीचा पलंग, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हे सगळे आले. गाडीत आम्ही आठ जण. आत पाय ठेवायलाच जागा नव्हती, तिथे सामान कुठून मावणार!

ट्रॉली भरणे ही काय चीज आहे हे मला भाईजानने शिकवले. आपण घरातली पेटी भरतो तशी ती भरायची नसते. जड वस्तू चाकांच्या आसावर, किंचित पुढे. एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भार गाडीच्या जोडावर पडला पाहिजे. वजन शेपटाकडे गेले तर ट्रॉली माशासारखी शेपूट हलवू लागते, आणि वेगात असली तर गाडीलाही ओढून नेते. डाव्या-उजव्या बाजूचे वजनही सारखे हवे. म्हणून संदूक मधोमध, आसावर. पाण्याचे दोन डबे तिच्या पुढे, दोन बाजूंना एकेक. पलंग उभा न करता सपाट. हलक्या गाद्या, मच्छरदाण्या आणि चादरी मागे. संदुकीभोवती जुन्या रजया गुंडाळल्या, वर ताडपत्री, आणि दोरी अशी आवळली की बोट घालायला जागा राहू नये. भाईजानने ट्रॉली हाताने हलवून पाहिली, दोनदा सगळे उतरवायला लावले आणि पुन्हा भरले. माझ्या भाभीने कपाळावर हात मारला. पण त्याचे चुकत नव्हते.

जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून कैचीसारख्या बांधलेल्या होत्या, म्हणजे जोड निसटलाच तर ट्रॉलीचा दांडा जमिनीत रुतू नये. मागचे लाल दिवे आणि वळणाचे दिवे पेटतात का, हे माझ्या मुलीने मागे उभे राहून तपासले. ट्रॉलीची स्टेपनी वेगळी घेतली, कारण तिची चाके बोलेरोच्या मापाची नव्हती. चाकांखाली लावायला लाकडी ठोकळे घेतले. ट्रॉलीलाही स्वतंत्र नोंदणी क्रमांक लागतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिचे कागद भाईजानने गाडीच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवले.

आतली तयारी माझ्याकडे. गडचिरोली हा राज्यात हिवतापासाठी सर्वांत बदनाम जिल्हा, म्हणून प्रत्येकाला औषधी मच्छरदाणी. थंडीचे दिवस असले तरी ही सूट घेऊ नये. इन्सुलिन रुंद तोंडाच्या थर्मासात ठेवले. पण बर्फ त्याला थेट लागू दिला नाही, मध्ये जाड कापड ठेवले, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. साखर अचानक उतरली तर द्यायला गूळ आणि ग्लुकोजची पुडी माझ्या पर्समध्ये, ट्रॉलीत नाही! हा नियम मी सगळ्यांना सांगते: जे घाईत लागेल ते मागे बांधायचे नाही. सुटे पैसेही हाताशीच, कारण जंगलात मोबाइलची रेंज जाते आणि त्याबरोबर मोबाइलमधले पैसेही जातात. खायला पुऱ्या, चांगला परतलेला कोरडा खिमा, उकडलेली अंडी, लसणाची चटणी. जानमाज आणि लोटा गाडीच्या दारापाशी.

फजर पढून निघालो. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी. बल्लारपुरात कागद कारखान्याचा वास येताच मुलांनी नाके दाबली. गोंडपिपरीला पहिला थांबा, अम्मीला दोन्ही बाजूंनी धरून चालवले. आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. खाली चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि तिथून पुढे त्या नदीला प्राणहिता म्हणतात. आष्टी ते आलापल्ली या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक. एक गेला की धुळीत पुढचे दिसेनासे होते. अशा वेळी मागे ट्रॉली असलेल्या माणसाने ओव्हरटेकचा मोह धरू नये. आपली लांबी दुप्पट झालेली असते, हे समोरच्याला कळत नाही आणि पुष्कळदा आपणही विसरतो. वळणावरही रुंद वळावे लागते, नाहीतर ट्रॉलीचे आतले चाक कडेच्या खड्ड्यात उतरते. आम्ही चाळीसच्या वर गेलो नाही.

दर थांब्याला भाईजान खाली उतरून ट्रॉलीच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर तळहात ठेवायचा. आलापल्लीला डाव्या चाकावर ठेवला आणि झटकन काढून घेतला. ग्रीस कोरडे पडून बेअरिंग तापले होते. गॅरेजवाल्याने चाक काढले, बेअरिंग पुसून ग्रीस भरले. यात दीड तास गेला. हीच गोष्ट पुढच्या जंगलात कळली असती तर चाक निखळून पडले असते, आणि त्या रस्त्यावर गॅरेज कुठले! तेवढ्यात अम्मीची इन्सुलिनची वेळ झाली. गॅरेजच्या बाकावर तिला टोचले, तिथेच पुरी-खिमा खाऊ घातला. गॅरेजवाल्याने चहा पाजला, पैसे मात्र फक्त ग्रीसचे आणि मजुरीचे घेतले.

आलापल्लीत डिझेलची टाकी पूर्ण भरून घेतली. पुढे शंभर किलोमीटरच्या आसपास जंगल. आलापल्लीचा साग साऱ्या देशात नावाजलेला. इथल्या ‘वनवैभव’ या जुन्या जंगलाला २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान मिळाला. कमलापूरचा सरकारी हत्ती कॅम्पही याच वाटेने जाता येतो. मुलांनी हट्ट धरला, पण दीड तास गमावलेला होता आणि अंधारात ट्रॉली घेऊन या रस्त्याने जायचे नाही हे ठरलेले होते. हा रस्ता वर्षानुवर्षे वाहनचालकांची परीक्षा बघत आला आहे. खड्ड्यात आधी गाडी, मग ट्रॉली, असे दोन धक्के बसतात. अम्मीच्या पाठीमागे उशी कोंबली होती. ती खिडकीतून बघत होती आणि प्रत्येक नाल्याचे नाव सांगत होती. तिच्या लहानपणी पावसाळ्यात हे नाले भरले की सिरोंचा जगापासून तुटायचे, असे ती म्हणाली.

वनविभागाच्या तपासणी नाक्यावर नाकेदाराने हात दाखवला. सागाच्या जंगलातून ताडपत्री बांधलेली ट्रॉली, विचारणारच. आम्ही दोरी सोडली. त्याने संदुकीवरचा काळपट पितळी पत्रा हाताने चाचपला, झाकण उघडायला लावले. आत नानीची भांडी आणि एक जुना गालिचा. “किती जुनी?” त्याने विचारले. अम्मी आतूनच म्हणाली, “माझ्यापेक्षा जुनी.” तो हसला आणि जा म्हणाला. दोरी पुन्हा आवळण्यात वीस मिनिटे गेली.

सिरोंच्याला पोचलो तेव्हा उजेड होता. गाव लहान, पण इतिहास मोठा. १८६० ते १८७४ या काळात ‘अप्पर गोदावरी’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता आणि त्याचे मुख्यालय सिरोंचा होते. त्या काळच्या ग्लासफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचे ग्लासफर्डपेठा हे गाव आजही तालुक्यात आहे. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते. नदीपलीकडे तेलंगणातले काळेश्वरम. बाजारात मराठी कमी आणि तेलुगू जास्त ऐकू येते. खालाची नातवंडे आमच्याशी उर्दूत, दुकानदाराशी तेलुगूत आणि शाळेत मराठीत बोलतात. तीन भाषा आणि कुठलीच अडचण नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे आता नेहमी सांगते.

संदूक चौघांनी उचलून खालाच्या खाटेशेजारी ठेवली. अम्मीने किल्ली तिच्या हातात दिली. दोघी काही बोलल्या नाहीत. मग खालाने विचारले, “गालिचा आहे ना आत?” आणि अम्मी म्हणाली, “बघ तूच.”

तीन दिवसांनी परत निघायचे होते. अम्मी म्हणाली, मी महिनाभर इथेच. आमचे हे चिडले, मुलगा हसला. मी आधी मेडिकलच्या दुकानात जाऊन अम्मीचे इन्सुलिन मिळते का ते विचारले. मिळते. मग पलंग, दोन्ही खुर्च्या आणि मच्छरदाण्या तिथेच ठेवल्या. रिकामी ट्रॉली खड्ड्यात उड्या मारते, म्हणून भाईजानने खालाच्या शेतातल्या लाल मिरच्यांची दोन पोती मागून घेतली आणि बरोबर आसावर ठेवली. चंद्रपूरपर्यंत आम्ही शिंकत आलो.