महाडची वाट आणि गाडीची अर्थिंग

पुण्याहून महाडला जाण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. कोणी ताम्हिणी उतरून माणगाववरून जातो, कोणी भोरवरून वरंधा घाट उतरतो. मला वरंध्याची वाट आवडते. भोर सोडले की नीरा-देवघर धरणाचे पाणी बराच वेळ सोबतीला असते. पुढे रान दाट होते आणि वाघजाईच्या देवळाशी रस्ता एकदम कड्यावर येऊन उभा राहतो. खाली सगळे कोकण पसरलेले असते. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बऱ्याचदा बंद ठेवतात. हिवाळ्यात मात्र या वाटेसारखी वाट नाही.

२४ डिसेंबरला दुपारी मी आणि माझी धाकटी लेक मोटारसायकलवरून निघालो. २५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन दिन. १९२७ साली याच दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला विषमतेचा तो ग्रंथ जाळण्यात आला. लेक बी. एस्सी.ला आहे, विषय पदार्थविज्ञान. "पप्पा, या वर्षी एस.टी. नको, गाडीवर जाऊ," असा तिचा हट्ट होता.

गाडी साडेतीनशे सी.सी.ची, लांबच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंना पिशव्या, पुढे धुक्यासाठी दोन जादा दिवे, मोबाईल चार्ज करायला सॉकेट. गाडी नऊ वर्षांची आणि तब्येतीने ठणठणीत. पण पावसाळा संपल्यापासून तिने एक खोड धरली होती. इंडिकेटर लावला की हेडलाईट मिणमिणायचा. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा. सेल्फचे बटण दाबले की कधी इंजिन फिरायचे, कधी नुसतेच टक-टक वाजायचे. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, महिन्याने रेग्युलेटर बदलला. पैसे गेले, खोड राहिली.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. हेडलाईटचा उजेड पुढच्या चाकापलीकडे जाईना. अशा दिव्यावर घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ, तोही मागे लेक बसलेली असताना. भजीच्या टपरीजवळ गाडी थांबवली. चहा पिऊन पुन्हा बटण दाबले. टक-टक. पुन्हा दाबून धरले. टक-टक. लेकीने हँडल धरले होते, तिने एकदम हात मागे घेतला.

"पप्पा, क्लचची केबल गरम लागतेय!"

मला वाटले, तिला भास झाला. तेवढ्यात खालून एक तरुण दुचाकीवर आला. आमच्या गाडीवरचे निळे निशाण पाहून थांबला. "जयभीम काका. काय झालं?" घाटाखालच्या वस्तीतला होता तो. कारखान्यात वायरमनचे काम करून घरी चालला होता, म्हणाला. मी बॅटरीची आणि रेग्युलेटरची सगळी कर्मकहाणी सांगितली. त्याचे तिकडे लक्ष नव्हते. त्याने केबलला हात लावला आणि हसला.

"ताईंनी बरोबर पकडलं. बॅटरीत दम आहे, काका. अर्थिंग गेलीय."

त्याने पिशवीतून हातभर जाड तांब्याची वायर काढली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर घट्ट धरले, दुसरे इंजिनच्या उघड्या बोल्टवर दाबले. "आता मारा सेल्फ." पहिल्याच दाबाला इंजिन धडधडले. टपरीवाल्यानेही मान डोलावली. हेडलाईटच्या मागे उघड्या लोखंडापासून अशीच एक बारीक वायर त्याने बॅटरीपर्यंत आणून तात्पुरती बांधली. दिवा लख्ख झाला.

"दिवा मेला नव्हता काका. त्याची परतीची वाट बंद झाली होती."

त्या रात्री त्याने आम्हाला पुढे जाऊ दिले नाही. घाट उतरून आम्ही त्याच्याच घरी थांबलो. त्याच्या आईने तांदळाच्या भाकरी आणि सुक्या मच्छीचे कालवण वाढले. सकाळी वस्तीच्या विहारात बुद्धवंदना झाली आणि मग विहारासमोरच्या अंगणात त्याने आम्हाला गाडी उघडून दाखवली. तिथे जे शिकलो ते वाचकांना सांगावे, म्हणून हा लेख.

घरात दिव्याला दोन वायरी जातात हे आपण पाहतो. गाडीत बहुतेक दिव्यांना बॅटरीपासून एकच वायर येते असे वाटते. वीज मात्र एका वायरीवर चालत नाही. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह दिव्यातून जाऊन ऋण टोकाला परत आला तरच दिवा पेटतो. परतीसाठी गाडीचे लोखंडी अंग, म्हणजे चेसिस आणि इंजिन, वापरलेले असते. चेसिसला जिथे काळ्या वायरींची कडी बोल्टने आवळलेली असते, ती अर्थिंगची जागा. त्या बोल्टखाली गंज चढला, रंग राहिला किंवा बोल्ट सैल पडला, की परतीची वाट अरुंद होते.

लेकीने तिथेच हिशेब मांडला. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या सांध्याने ०.४ ओहमचा अडथळा केला, तर सुमारे २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. दिव्याला १० व्होल्टच मिळतात आणि हॅलोजनचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. सेल्फची मोटर तर याहून कितीतरी जास्त प्रवाह ओढते. ८० अँपिअर धरले, तर ०.०५ ओहमचा क्षुल्लक अडथळासुद्धा ४ व्होल्ट गिळतो. मग मोटर फिरणार कशी? आणि केबल का तापली, तेही कळले. आमच्या गाडीचे इंजिन रबरी बुशांवर बसवलेले आहे. चेसिस आणि इंजिन जोडणारी पट्टी गंजली होती. परतीची मोठी वाट बंद, म्हणून प्रवाह हँडलवरून क्लचच्या बारीक केबलमधून वाट काढत होता.

"हे सगळं मी पुस्तकात शिकलेय," लेक म्हणाली, "पण गाडीत कुठे असतं ते कधी पाहिलंच नव्हतं."

दोष शोधायची रीत त्याने अशी दाखवली. मल्टिमीटर २० व्होल्ट डी.सी.वर ठेवायचा. काळी सळई बॅटरीच्या ऋण टोकावर, लाल सळई इंजिनच्या उघड्या धातूवर. मग सेल्फ दाबायचा. सांधे स्वच्छ असतील तर काटा किंवा आकडा जेमतेम हलतो, ०.२ व्होल्टच्या आत असावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की परतीची वाट खराब समजावी. आमचा आकडा १.८ आला. हेच दिव्यासाठी करायचे तर दिवा चालू ठेवून लाल सळई दिव्याच्या काळ्या वायरीवर धरावी. नुसता ओहम मोजून फसू नये. वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी मीटर सगळे ठीक दाखवतो, कारण तो फार थोडा प्रवाह सोडतो. खरा भार पडला की मगच सांध्याचे खरे रूप कळते. "माणसाचंही असंच," त्याची आई ओट्यावरून म्हणाली आणि आम्ही सगळे हसलो.

आमच्या गाडीत दोष तीन जागी निघाला. एक, बॅटरीची ऋण वायर जिथे सीटखाली चेसिसला आवळली होती तिथे हिरवट-पांढरा थर. दोन, इंजिनच्या पट्टीचा बोल्ट. तीन, टाकीखाली हँडलच्या मानेजवळ, जिथे पुढच्या दिव्यांच्या काळ्या वायरींचा झुपका एका बोल्टला येतो. जादा दिवे बसवणाऱ्याने आपली कडी रंगावरच आवळून दिली होती. रंगातून वीज वाहत नाही, हे त्याच्या ध्यानात आले नसावे. मानेजवळ वायरी हँडलबरोबर वळत राहतात आणि आतून तुटतात, म्हणून हँडल डावी-उजवीकडे फिरवूनही दिवा पाहावा.

साफ करताना क्रम चुकवू नये. किल्ली काढून घ्यावी. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे, धन टोक नंतर. जोडताना उलटे: धन आधी, ऋण शेवटी. ऋण जोडलेले असताना पाना धन टोकाला आणि चेसिसला एकदम लागला तर ठिणगी उडते, पाना लाल होतो, बॅटरी फुटूही शकते. टोकांवर पांढरी भुकटी असेल तर ती आम्लाची असते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशाने घासावी. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. बाकीच्या सांध्यांवर कडी, बोल्ट, वॉशर आणि चेसिसचा तेवढाच भाग काचकागदाने धातू चकाकेपर्यंत घासावा. कडीजवळची वायर आतून काळी-हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवी कडी दाबून बसवावी. बोल्ट घट्ट आवळावा आणि मग बाहेरून व्हॅसलिनचा लेप द्यावा, म्हणजे पाणी शिरत नाही. आधी आवळणे, मग लेप.

या कामाला दीड तास लागला. खर्च म्हणाल तर एक काचकागद, दोन कड्या आणि बोटभर व्हॅसलिन. पुन्हा मीटर लावला, आकडा ०.१. बॅटरी चांगली होती आणि रेग्युलेटरही चांगला होता. आजकालच्या गाड्यांत तर हे अधिकच जपायला हवे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट कायम चालू असतो. पेट्रोल सोडण्याचे कामही आता छोटा संगणक करतो. अर्थिंग खराब झाली की तोही गडबडतो. त्याच्या वायरींना सुई टोचून तपासणी करू नये.

मी पैशाचे पाकीट काढले. तो मागे सरकला. "पैसे नकोत काका. तुमच्या वस्तीत चार पोरांना एवढं दाखवा, झालं."

दहा वाजता आम्ही महाडला पोचलो. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर गर्दी होती. १९२७ च्या त्या डिसेंबरात बाबासाहेब २४ तारखेला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि तिथून सहकाऱ्यांसह पायी महाडला आले. तळे तर सरकारी ठरावाने आधीच सर्वांना खुले होते. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसे ठरवले होते. कागदावर वाट मोकळी होती, पाण्यापर्यंत मात्र पोचत नव्हती. २० मार्च १९२७ ला लोक ओंजळीने पाणी प्याले आणि त्याबद्दल मार खाल्ला. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडावे लागले. लेक पायरीवर बसून पाण्याकडे पाहत होती. विहारात हात धुऊनही तिच्या नखांत ग्रीसचा काळा राहिला होता. "याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले होते ना?" तिने विचारले. मी हो म्हणालो. तिने नखे लपवली नाहीत.

परतताना मला त्या तरुणाचे बोलणे आठवत राहिले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्याकडे होते. गरिबी हटवायची तर उद्योग हवेत आणि उद्योगांना स्वस्त व भरपूर वीज हवी, हा त्यांचा आग्रह होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाले. त्या विजेचा उजेड आपल्या घरात आला. आपण शिकलो, नोकऱ्या लागल्या, वस्तीतून निघून शहरात फ्लॅट घेतले. जाण्याची वाट बाबासाहेबांनी करून दिली. परतीची वाट आपण राखायची होती. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाविषयी त्यांनी बोलून दाखवलेली खंत हीच होती. मी स्वतः माझ्या गावच्या विहारात किती वर्षांत गेलो नव्हतो, याचा हिशेब घाट चढताना केला. सात वर्षे.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या विहाराच्या अंगणात लेक मल्टिमीटर घेऊन बसते. चार मुले आणि दोन मुली येतात. ६ डिसेंबर, १ जानेवारी, १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपले शेकडो तरुण रात्री-अपरात्री गाडीवर निघतात. निघण्याआधी आठवड्यात एकदा इंडिकेटर लावून हेडलाईटकडे पाहा. दिवा मान टाकत असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी काळी वायर उघडा. स्वतःचा दिवा स्वतः होण्याची तथागतांची शिकवण आपण रोज म्हणतो. तिची एवढीशी सुरुवात दहा-अकराच्या पान्यानेही होऊ शकते.

पुढच्या महिन्यात मी गावी जाणार आहे. काचकागद आणि व्हॅसलिनची डबी पिशवीत घातली आहे.

जयभीम.