एका दिवसाचें रोम

भूमध्यसमुद्रांतून फिरणाऱ्या मोठ्या पर्यटनबोटींच्या, म्हणजे हल्लीं ज्यांस क्रूझ म्हणतात त्यांच्या, जाहिराती आपल्याकडील घरोघरीं येऊं लागल्या आहेत. त्यांत रोमचें नांव ठळक अक्षरांत छापलेलें असतें. वाचणाऱ्यास वाटतें, बोट रोमच्या धक्क्यास लागेल आणि आपण उतरून शहर पाहूं लागूं. वस्तुस्थिति तशी नाहीं. बोट लागते ती चिव्हितावेक्किया नांवाच्या बंदरांत, आणि तेथून रोम सुमारें ७५ किलोमीटर दूर आहे. पुण्याहून लोणावळ्यास जाण्यापेक्षां हें अंतर अंमळ अधिकच. सकाळीं बोट लागते व सायंकाळीं सुटते. तेवढ्या अवकाशांत जाणें, पाहणें आणि परत येणें हीं तिन्ही कार्यें उरकावयाचीं असतात. एकटादुकटा प्रवासी असला तर तो कसाही जाईल. परंतु वृद्ध माणसें, मुलेंबाळें व लेकीसुना बरोबर घेऊन निघालेल्या कुटुंबानें वाहन कोणतें घ्यावें, हा प्रश्न रोममध्यें काय पहावें ह्या प्रश्नाच्याही आधीं येतो.

प्रथम बंदराविषयीं दोन शब्द. चिव्हितावेक्किया ह्या नांवाचा अर्थ 'जुनें शहर' असा आहे. सम्राट् ट्राजन यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं हें बंदर बांधविलें, आणि तें काम चालू असतां धाकट्या प्लिनीनें स्वतः पाहून आपल्या एका पत्रांत त्याचें वर्णन केलें आहे. पुढें १८५९ मध्यें, हा प्रदेश पोपच्या सत्तेखालीं असतां, रोमपासून येथवर लोहमार्ग आला. आपल्या कोकणांत पूर्वीं आगबोट खोल पाण्यांत उभी राही व उतारू पडावांतून किनाऱ्यास येत. येथें तशी यातायात नाहीं, बोट थेट धक्क्यास लागते. मात्र बंदराचा विस्तार फार मोठा आहे. बोटीपासून लार्गो देल्ला पाचे ह्या ठिकाणापर्यंत बंदराची बस फुकट नेऊन सोडते. रेल्वे स्टेशन त्याच्याही पलीकडे आहे. तेथें दुसऱ्या बसनें किंवा पायीं जावें लागतें. ह्या उतरण्याचढण्यांत जाणारा वेळ पुष्कळजण हिशेबांत धरीत नाहींत.

येथून रोमला जाण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, बोटीच्या कंपनीनें ठरविलेली बस. तींत कांहीं फेऱ्यांत मार्गदर्शक असतो, तर कांहीं बसगाड्या नुसत्या रोममध्यें सोडून ठराविक वेळीं परत आणतात. हिचा खरा गुण आरामांत नसून हमींत आहे. ही बस वाटेंत अडकली तर बोट तिची वाट पाहते, अथवा मागें राहिलेल्या उतारूंना पुढें पोंचविण्याची जबाबदारी कंपनी घेते. दोष असा कीं, दर माणशीं आकार पडतो आणि चाळीस-पन्नास परक्या माणसांच्या चालीनें आपल्यास चालावें लागतें.

दुसरा मार्ग आगगाडीचा. प्रादेशिक गाडीचें तिकीट एका बाजूस माणशीं पांच युरोंच्या आसपास पडतें, आणि तासाभरांत गाडी सान पिएत्रो स्टेशनांत पोंचते. तेथून सेंट पीटरचा चौक पायीं दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ज्यांस आधीं कोलोसियम पाहावयाचें त्यांनीं पुढें ओस्तिएन्से येथें उतरावें. शेजारच्या पिरामिदे स्टेशनांतून भुयारी रेल्वेनें तें दुसरेंच स्थानक आहे. कागदी तिकीट घेतलें असल्यास गाडींत चढण्यापूर्वीं फलाटावरील यंत्रांत घालून त्यावर शिक्का उठवावा लागतो. न उठविल्यास दंड होतो. ह्या गाड्यांत जागा राखून ठेवतां येत नाहीं. त्यांतच इटलींत रेल्वेचे संप अधूनमधून होत असतात. ते बहुधा आगाऊ जाहीर होतात, म्हणून आदल्या दिवशीं चौकशी करणें अगत्याचें आहे.

तिसरा मार्ग खासगी मोटारीचा. चालक धरून नऊ आसनांची गाडी तेथें सर्रास मिळते. म्हणजे उतारू आठ. भाडें गाडीचें असतें, माणसाचें नव्हे. दोघांनीं घेतल्यास तें कित्येक शें युरोंचें ओझें होतें; तेंच आठांत वांटलें तर पुष्कळदां बोटीच्या बसपेक्षांही हलकें पडतें. शिवाय रोमच्या जुन्या भागांत मोठ्या बसगाड्यांवर कडक निर्बंध आहेत, तेथें परवाना असलेली लहान गाडी बरीच आंतपर्यंत जाऊं शकते. उणीव एवढीच कीं, उशीर झाला तर बोट ह्या गाडीसाठीं थांबत नाहीं. तीच गोष्ट आगगाडीची.

गेल्या वर्षीं आमच्या घरचीं अकरा माणसें ह्या बंदरांत उतरलीं. वडीलबंधूंचें वय ७८, धाकट्या नातीचें ८. आगगाडींत अकराही मावलों असतों; मोटारींत आठच मावणार. पुतण्याचें म्हणणें, सर्वांनींच आगगाडीनें जावें, खर्च फार थोडा. वहिनींनीं एकच प्रश्न विचारला, "भावोजी, जिने किती चढावे लागतील?" त्या प्रश्नानें वाद मिटला. दादांनीं चाळीस वर्षें शाळेंत चित्रकला शिकविली. मायकेलअँजेलोची 'पिएता' ही मूर्ति पाहावी एवढीच त्यांची ह्या सर्व प्रवासांत इच्छा होती, आणि त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत. फलाटावरचे जिने, स्टेशनापासूनची चाल आणि चौकांतील तपासणीची रांग ह्यांतच त्यांची शक्ति संपली असती.

तेव्हां मंडळीची वांटणी केली. आठजण मोटारीनें निघालों. पुतण्या आणि कॉलेजांत शिकणारीं दोन मुलें आगगाडीनें गेलीं. पुतण्या म्हणाला, "काका, रोममध्यें भेटायचें कोठें?" मीं सांगितलें, रोममध्यें भेटावयाचेंच नाहीं, भेटावयाचें तें बोटीच्या शिडीशीं, सायंकाळीं पांच वाजतां. परक्या शहरांत एका टोळीनें दुसरीची वाट पाहत राहिल्यास दोघींचाही खोळंबा होतो. कोणीही कोणास शोधण्याकरितां मागें फिरूं नये, असें सर्वांकडून कबूल करून घेतलें.

मोटारीनें आम्हांस चौकापासून थोड्याच अंतरावर सोडलें. रांगेंत तासाहून अधिक वेळ गेला, पण दादांजवळ उभें राहण्याइतकें बळ शिल्लक होतें. देवळांत शिरतांच उजव्या हाताच्या पहिल्याच उपमंदिरांत ती मूर्ति आहे. १९७२ मध्यें एका माथेफिरूनें तिच्यावर हातोडा चालविला, तेव्हांपासून ती कांचेआड असते. दादा बराच वेळ स्तब्ध उभे होते. "इतकीं वर्षें हें मीं कागदावरून शिकविलें," एवढेंच ते म्हणाले. कोलोसियम आम्हीं गाडींतूनच बाहेरून पाहिलें, आणि त्याबद्दल कोणासही खंत वाटली नाहीं.

पांच वाजण्यापूर्वींच आम्ही शिडीशीं पोंचलों. आगगाडीचीं माणसें आलीं नव्हतीं. बोटींत चढण्याची अखेरची वेळ साडेसहा होती. वहिनी रस्त्यावरची दृष्टि काढीनात. तीं तिघें पांच वाजून वीस मिनिटांनीं आलीं. गर्दीमुळें एक गाडी सोडावी लागली, असें कळलें. तीं शेवटल्या गाडीच्या भरंवशावर राहिलीं असतीं तर तो अर्धा तास फार महाग पडला असता.

ह्यावरून जें सुचतें तें थोडक्यांत सांगतों. काळाचा हिशेब परतीकडून मांडावा. बोट सुटण्याच्या वेळेपूर्वीं अर्धा ते एक तास शिडी बंद होते. त्याच्याही आधीं निदान दीड तास बंदरांत असावें, आणि मग उरेल तितकेंच रोम आपलें समजावें. घड्याळ बोटीवरील वेळेशीं जुळवून ठेवावें. मोटार ठरवितांना एकूण भाडें, त्यांत रस्त्याचा कर व थांबण्याचा आकार धरला आहे कीं नाहीं, आणि बोटीवर परतण्याची वेळ हें सारें लेखी घ्यावें. चालक हा मार्गदर्शक नव्हे. तो हवा असल्यास परवानाधारक वेगळा लागतो. बुधवारीं सकाळीं पोप रोममध्यें असल्यास त्यांच्या दर्शनाची गर्दी असते, आणि व्हॅटिकनचीं संग्रहालयें महिन्यांतील शेवटचा सोडून इतर रविवारीं बंद असतात. भारतीय पासपोर्ट असणारास जमिनीवर उतरण्यास शेंगेन व्हिसा लागतो, हेंही घरून निघण्यापूर्वींच पाहावें. पासपोर्टाची नक्कल आणि बंदरांतील बोटीच्या प्रतिनिधीचा दूरध्वनि प्रत्येक टोळीजवळ असावा.

दोन-तीन धडधाकट माणसें असलीं तर आगगाडी उत्तम. सहा ते आठ असून त्यांत वृद्ध वा लहान मुलें असलीं तर मोटार बरी. ज्यास उशिराची धास्ती जिवास लागून राहते, त्यानें अधिक पैसे देऊन बोटीचीच बस घ्यावी; निश्चिंतपणासही मोल असतें. निवड करतांना मंडळींत सर्वांत हळू चालणारा कोण, हें आधीं पाहावें. मिळवणें तो योग आणि मिळालेलें राखणें तो क्षेम, असा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलों. प्रवासांत रोम हा योग आहे, आणि सर्व माणसांनीं वेळेवर शिडी चढणें हा क्षेम. गृहस्थानें घरचीं माणसें बरोबर घेऊन निघतांना दोहोंची तजवीज करावी.