मागचं मख्खन

लेन्सला गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "दादा, मागचं कितपत उडतंय?" साताऱ्यात मी जुन्या लेन्स घेतो आणि विकतो. माझं बरंचसं गिऱ्हाईक सांगलीकडचं, लग्नाचे फोटो काढणारं. त्यांना चेहरा धारदार नको असतो असं नाही, पण ती धार आता साध्या लेन्सलाही असते. जास्तीचे पैसे मोजायचे ते चेहऱ्यामागच्या विरघळलेल्या रंगांसाठी. मांडवाची कनात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंगतीला उशीर झाला म्हणून वैतागलेले पाहुणे, पंख्याजवळ लोंबणारी वायर, हे सगळं नवरीच्या मागून नाहीसं व्हायला हवं. सांगलीची पोरं त्याला मख्खन म्हणतात. मागचं पार मख्खन पाहिजे, बास.

किती उडतं, याचं उत्तर फूटपट्टीनं देता येतं. नवरीचा चेहरा चौकटीत तेवढाच ठेवला आणि मागचं पुष्कळ लांब असलं, तर ब्लर ठरतो लेन्सच्या आतल्या भोकाच्या रुंदीवर. फोकल लेन्थला एफच्या आकड्यानं भागायचं की ती रुंदी मिळते. पन्नासची १.८ असेल तर २८ मिलिमीटर, पंच्याऐंशीची १.८ असेल तर ४७. सत्तर-दोनशेची २.८ पार दोनशेवर नेली की ७१. कार्यालयाच्या टोकाला उभं राहून तो पांढरा किंवा काळा दंडुका रोखणारा फोटोग्राफर मुहूर्त साधतो, तो या ७१ मिलिमीटरच्या जोरावर. इथवर हिशेब आहे आणि हिशेब सांगलीच्या माणसाला समजावावा लागत नाही.

घासाघीस सुरू होते ती पुढं. उडतं, पण कसं उडतं?

ते बघायला मी संध्याकाळी बोलावतो. गणपतीचे दिवस असले तर फारच बरं, कारण गल्लीभर माळा लागलेल्या असतात. लांबच्या माळेवर फोकस सोडून द्यायचा, म्हणजे प्रत्येक बल्बची एक चकती होते. त्या चकतीकडे नीट बघावं. तिची कड विरत गेलेली असली तर लेन्स गुणी. कडेला लख्ख गोल रेघ असली तर हीच लेन्स दिवसा झाडाच्या फांद्यांचं जाळं करून ठेवणार, नवरीच्या मागं काड्याच काड्या. चकतीत एकात एक बारीक कडी दिसली तर ओळखावं की आत साच्यातून काढलेली ॲस्फेरिकल काच आहे. चौकटीच्या कोपऱ्यात चकत्या चपट्या होतात, तो सगळ्याच मोठ्या भोकाच्या लेन्सचा स्वभाव. त्यावरून किंमत पाडून मागणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो. मग एफ जरा वाढवून बघायचं. कॅननच्या जुन्या पन्नास एक-आठला पाचच पाती होती, त्यामुळं माळेतला प्रत्येक दिवा पंचकोनी व्हायचा. तिच्या नव्या एसटीएम आवृत्तीला सात पाती आहेत. पंचकोन आवडणारा एक जण मला भेटलाय. जगात सगळ्या प्रकारची माणसं असतात.

अक्षता पडतात त्या क्षणी तर लेन्सचं सगळं पितळ उघडं पडतं. काही अक्षता नवरा-नवरीच्या पुढं असतात, काही मागं. काचेच्या गोलाईतून येणारा जो दोष असतो, स्फेरिकल ॲबरेशन, तो लेन्स बनवणाऱ्यानं थोडा शिल्लक ठेवला तर मागचा ब्लर मऊ होतो. पण त्याच दोषानं पुढच्या अक्षतांना कडक कडा येतात. दोन्हीकडं मऊपणा सहसा मिळत नाही. एका बाजूला उदार झालं की दुसऱ्या बाजूला चिकटपणा आलाच. निकॉननं १९९० मध्ये १३५ एमएमची डीसी लेन्स काढली, तिच्यावर यासाठी एक वेगळी रिंगच दिली: मऊपणा मागं हवा की पुढं, तुम्ही ठरवा. मिनोल्टानं १९९९ मध्ये दुसरी वाट धरली. कडेला काळपट होत जाणारी काच आत बसवली, म्हणजे चकतीची कडच विझते. त्या लेन्स थोड्यांनीच घेतल्या, आणि घेतलेल्यांपैकी विकायला फार थोडे काढतात.

फोनमधला पोर्ट्रेट मोड आल्यावर आमचा धंदा बसणार असं म्हणणारे पुष्कळ होते. बसला नाही, याचं बरंचसं श्रेय मुंडावळ्यांना द्यायला हवं. गालावर लोंबणारे मोत्यांचे सर फोनला कळत नाहीत. अर्धा सर नवरीचा समजून ठेवतो, अर्धा मागच्या कनातीत ढकलून देतो. लेन्स कापत नाही. तिला नवरी आणि कनात यांतला फरक ठाऊकच नसतो, फक्त अंतर ठाऊक असतं.

सौदा बहुतेक वेळा कराडात होतो. साताऱ्याहून मी आणि सांगलीहून तो, दोघांनाही स्टँड सोयीचा. तिथून प्रीतिसंगमावर जायचं, कोयना-कृष्णेच्या पाण्यावरची तिरीप मागं घेऊन चार फोटो काढायचे आणि पैसे मोजायचे. रशियन हेलिओस ४४-२ मी अशीच घेतली. ५८ एमएम, एफ २, झाइसच्या बायोटारवरून उचललेली, झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची. मागं पानोळा असला की ती त्याला गरगर फिरवते. मुळात हा दोषच. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या पेट्झवालनं चेहऱ्यासाठी पहिली वेगवान लेन्स आखली, तिच्यातही कडेचं असंच फिरायचं. त्याला हवा होता प्रकाश, म्हणजे समोरच्या माणसाला मिनिटंच्या मिनिटं पुतळा होऊन बसायला नको. मागचं गरगरणं फुकट मिळालं, आणि आज लोक नेमके त्याचेच पैसे देतात.

सांगलीतून येणारी लेन्स मात्र मी आधी मोबाइलचा टॉर्च लावून आरपार बघतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पेठांतून पाणी शिरलं, स्टुडिओ बुडाले. पाण्यात गेलेल्या लेन्स गेल्याच. पण ज्या माळ्यावर वाचल्या त्यांनी ओल धरली. काचेच्या कडेनं कोळ्याच्या धाग्यासारखं पांढरं दिसतं, ते फंगस. अशी लेन्सही मागचं मऊ करते, नवरीचं नाकही करते. विकणारा म्हणतो, "ड्रीमी लूक आहे, दादा." मी ती खाली ठेवतो.

आता माझं खरं दुखणं. सांगलीहून जोडपी प्री-वेडिंगला साताऱ्याला येतात: कास, ठोसेघर, सज्जनगडाचा पायथा, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. एवढं पेट्रोल जाळायचं आणि पंच्याऐंशीची १.४ पूर्ण उघडी टाकायची! पवनचक्कीचं पातं फोटोत पांढुरका डाग होतं, सज्जनगड हिरवी भिंत होतो. तोच फोटो मिरजेच्या एखाद्या लॉनवर निघाला असता. एफ चारवर नेलं तर पवनचक्की विरघळते खरी, पण पवनचक्कीच राहते. तीन पाती मोजता येतात, डोंगराची कड कळते. चांगल्या लेन्सची परीक्षा मी तिथं घेतो. उघड्यावर सगळ्याच दिलदार असतात.

मागचं न उडवता कसं जमतं ते बघायचं तर औंधच्या भवानी संग्रहालयात पहाडी लघुचित्रं आहेत. चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभं केलं. लघुचित्रात ब्लर नावाची गोष्टच नाही. लांबच्या झाडाचं पान जवळच्या चेहऱ्याइतकंच रेखीव. तरी डोळा बरोबर नायिकेवरच जाऊन थांबतो, कारण चित्रकारानं तिच्यामागं काय ठेवायचं ते निवडलेलं असतं. आमची पोरं निवडत नाहीत, उडवतात.

कासवर तर हे उडवणं अंगाशी येतं, आपल्या नव्हे, फुलांच्या. सीतेची आसवं, दवबिंदू ही बोटाएवढी रोपं. वरून फोटो घेतला तर मागं चिखल नि जांभा येतो. कॅमेरा जमिनीला टेकवला तर मागचं पठार लांब जातं आणि निळं-हिरवं होऊन वितळतं. म्हणून लोक पालथे पडतात, आणि एका फुलामागच्या ब्लरपायी पोटाखाली ढीगभर चिरडतात. हे पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. कासला जाणाऱ्याला मी मॅक्रो विकत नाही, तीनशेची लेन्स पुढं करतो. पायवाटेवर बसूनच मागचं हवं तेवढं मऊ होतं.

तर लेन्स घ्यायला याल तेव्हा दुकानातल्या भिंतीचा नि माझा फोटो काढून निघून जाऊ नका. संध्याकाळी या, टॉर्च आणा. ज्या जागी तुमचं काम चालतं, त्या कार्यालयात, त्या घाटावर एक दिवस लेन्स नेऊन एफ चारवर काढून बघा. मागची जागा ओळखू आली तर घ्या. एक दिवसही लेन्स न देणारा विकणारा भेटला, मग तो मी का असेना, तिथं पैसे टाकू नका.